आइसलंडची प्रदक्षिणा

उत्तरेकडच्या एखाद्या निसर्गरम्य देशांत मुलांबाळांसह मोटारीनें फिरावें असें ज्या कुटुंबाच्या मनांत येतें, त्यानें आइसलंडचा नकाशा टेबलावर पसरला कीं पहिला निर्णय जवळजवळ आपोआप होऊन जातो. बेटाच्या कडेकडेनें काढलेली एक रेघ नजरेस पडते. ती रेक्याव्हीक या राजधानीपासून निघते, दक्षिणेचा किनारा धरून पूर्वेस जाते, पूर्वेकडील खाड्यांच्या कडेनें वळसे घेत उत्तरेकडे चढते आणि आकुरेयरीवरून पुन्हां राजधानीस येऊन मिळते. लांबी सुमारें १,३२२ किलोमीटर. आइसलंडी लोक तिला ‘ह्रिंगवेगुर’, म्हणजे वर्तुळमार्ग, म्हणतात. सरकारी दप्तरीं तो रस्ता क्रमांक एक. मग वडील पेन्सिलीनें रोजचे टप्पे पाडूं लागतात, आई मुक्कामाचीं गांवें शोधते, मुलें वाटेंतले धबधबे मोजतात, आणि आठ-दहा दिवसांची प्रदक्षिणा कागदावर तासाभरांत पुरी होते.

हा तासाभराचा हिशेब शक्य होऊन फार काळ लोटलेला नाहीं. १४ जुलै १९७४ पर्यंत ही रेघ अपुरी होती. दक्षिण किनाऱ्यावर, बर्फाचें एक प्रचंड पठार आणि अटलांटिक महासागर यांच्या मधोमध, तिला एक खिंडार होतें. आइसलंडांत कायमची वस्ती झाल्याचें परंपरेनें मानलेलें वर्ष इ. स. ८७४ हें आहे. म्हणजे देश वसल्यापासून अकराशें वर्षें पुरीं झालीं, त्या वर्षीं त्या देशाच्या माणसाला आपल्या देशाभोवतीं चाकावरून एक सबंध फेरी मारतां आली. अकराशें वर्षें या लोकांनीं प्रवास केलाच नाहीं असें मात्र नव्हे. उलट, आइसलंडी भाषेंत ‘मूर्ख’ या अर्थाचा जो शब्द आहे तो ‘घर’ या शब्दापासून निघालेला आहे. जो घरींच राहिला तो मूर्ख! आमच्या कूपमंडूकाचा हा दूरचा भाऊच म्हणावयाचा.

इ. स. ९३० मध्यें थिंगव्हेलिर येथें ‘आल्थिंग’ नांवाची लोकसभा भरूं लागली. दर उन्हाळ्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक घोड्यांवर बसून तिकडे येत. तेथें कायदे सांगितले जात, खटले चालत, सोयरिकी जुळत, माल विकला जाई आणि वर्षभराच्या बातम्या एका जागीं गोळा होत. पूर्व टोंकाकडून निघालेल्या माणसाला वाटेंत दोन आठवड्यांहून अधिक दिवस लागत. निघावयाचा दिवस ठरविणें हा त्या प्रवासाचा सर्वांत कठीण भाग असे. फार लवकर निघावें तर घोड्यांना गवत नसे; उशीर करावा तर बर्फ वितळून नद्या फुगत. आजच्या कुटुंबाच्या वहींत जेथें हॉटेलांचीं नांवें असतात, तेथें त्या काळच्या गृहस्थाच्या मनांत गवताचीं कुरणें आणि नद्यांचे उतार असत.

चाक त्या देशांत जवळजवळ नव्हतेंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सामान्य शेतकऱ्याच्या अंगणांत गाडी दिसत नसे. लोंकर, वाळलेले मासे, लांकूड, गवताचे भारे, फार काय शवपेटीसुद्धां, घोड्याच्या पाठीवरून जाई. ठेंगणे, केसाळ, काटक असे हे घोडे नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्वेकडून आलेल्या घोड्यांचे वंशज होत. त्यांचे तांडे लमाणांच्या तांड्यांप्रमाणें एकामागें एक बांधून चालविले जात. रस्ता म्हणजे खुरांनीं पडलेली वाट. धुकें पडलें कीं तीही दिसेनाशी होई, म्हणून ठराविक अंतरावर दगडांच्या राशी रचून ठेवलेल्या असत. एका राशीवरून दुसरी दिसली तर पुढें जावयाचें, नाहीं तर तेथेंच थांबावयाचें, असा व्यवहार. बेटाचा मध्यभाग तर ओसाडच. १७८० च्या शरद ऋतूच्या अखेरीस उत्तरेकडचे पांच जण दक्षिणेंत खरेदी केलेलीं मेंढरें घेऊन मधल्या क्योलुर पठारावरून घरीं निघाले आणि हिमवादळांत सर्वच्या सर्व नाहींसे झाले. त्यांपैकीं एक अकरा वर्षांचा मुलगा होता. त्यानंतर कितीतरी वर्षें ती वाट लोकांनीं टाकल्यासारखीच होती.

बाहेरचे हौशी प्रवासी येऊं लागले ते एकोणिसाव्या शतकांत. त्यांतलें एक नांव हिंदी वाचकांच्या परिचयाचें आहे. पुढें १८८४ ते १८८८ या काळांत हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झालेला लॉर्ड डफरिन १८५६ मध्यें, ऐन तिशींत, आपल्या शिडाच्या नौकेंतून आइसलंडला गेला होता. रेक्याव्हीकहून थिंगव्हेलिर आणि तेथून गेसिरचे उष्णोदकाचे फवारे, एवढाच त्याचा पल्ला; आज हें अंतर मोटारीनें अर्ध्या दिवसांत सहज तोडतां येतें. त्याला तंबू, पेट्या, वाटाडे आणि घोड्यांचा मोठा ताफा जमवावा लागला, आणि फवारा उडण्याची वाट पाहत दिवस काढावे लागले. १८७१ मध्यें इंग्रज कवि आणि कलाकार विल्यम मॉरिस आला, तो सुमारें सहा आठवडे घोड्यावर हिंडला. मंडळींच्या स्वयंपाकाचें काम त्यानें आपणाकडे घेतलें होतें. प्रवासांत ज्याच्या हातीं चूल, त्याच्या हातीं सर्वांची मनःस्थिति, हें ज्या कुटुंबांनीं मुलांना घेऊन लांबचे प्रवास केले आहेत त्यांना निराळें सांगावयास नको.

पुलांचें युग १८९१ मध्यें सुरू झालें असें मानावयास हरकत नाहीं. त्या वर्षीं सेल्फॉसजवळ ओल्फुसाउ नदीवर झुलता पूल झाला, आणि १८९५ मध्यें त्याच्या पूर्वेस थ्योर्साउ नदीवर दुसरा. पूल होण्यापूर्वीं सेल्फॉस हें गांव जवळजवळ नव्हतेंच. पूल झाला म्हणून तेथें वस्ती जमली. १९०४ मध्यें पहिली मोटार आली. दित्लेव्ह टॉम्सन नांवाच्या व्यापाऱ्यानें लोकसभेची मदत घेऊन ती आणविली होती. परंतु ती जुनी, वापरलेली गाडी होती आणि तिनें त्या वाटांपुढें लवकरच हात टेकले. खरी सुरुवात १९१३ मध्यें आलेल्या फोर्ड गाडीनें केली. १० मे १९४० रोजीं ब्रिटिश फौजा उतरल्या आणि पुढच्या वर्षीं अमेरिकन आले. त्यांनीं विमानतळ बांधले, रस्ते केले, आणि जातांना जीपगाड्या व ट्रक मागें राहिले. नद्या उतरून जाणाऱ्या उंच चाकांच्या गाड्यांचें वेड त्या देशाला तेव्हांपासून लागलें, तें अद्याप उतरलेलें नाहीं. युद्धकाळांतल्या जड वाहनांचा भार मात्र जुन्या पुलांना सोसला नाहीं. १९४४ मध्यें ओल्फुसाउवरील पुलाचा एक तारदोर तुटून दोन ट्रक नदींत गेले. चालक वांचले, आणि पुढच्या वर्षाअखेर नवा पूल उभा राहिला. आणखी एक गोष्ट हिंदी चालकास चमत्कारिक वाटेल. २६ मे १९६८ पर्यंत आइसलंडांत वाहनें आपल्याकडच्याप्रमाणें डाव्या बाजूनें चालत. त्या दिवशीं सकाळीं सहा वाजतां सारा देश उजव्या बाजूस गेला. हा बदल पचला, कारण रस्ते लहान आणि मोटारी थोड्या होत्या.

उत्तरेकडील काम तुलनेनें सुकर गेलें. योकुलसाउ आउ फ्योत्लुम या मोठ्या हिमजन्य नदीवर १९४७ मध्यें पूल झाला आणि आकुरेयरीकडून पूर्वेकडे जाणारा मार्ग सुधारला. राहिली ती दक्षिण.

दक्षिणेंत काय आहे हें नकाशावरून नीटसें कळत नाहीं. नकाशावर पांढरा डाग दिसतो, तो व्हातनायोकुल. सुमारें ७,७०० चौरस किलोमीटर बर्फ. त्याच्या पोटांत जिवंत ज्वालामुखी. त्यांतला ग्रिमस्वोत्न हा ज्वालामुखी खालून सतत बर्फ वितळवीत असतो. तें पाणी बर्फाच्या झांकणाखालीं सरोवर होऊन सांठतें, आणि सांठतां सांठतां एवढें वाढतें कीं ज्या बर्फाच्या बांधानें तें अडलेलें असतें तो बांधच उचलला जातो. मग तें सारें पाणी बर्फाखालून सुमारें पन्नास किलोमीटर धांवत येऊन एकदम किनाऱ्यावर फुटतें. अशा पुराला आइसलंडी लोक ‘योकुलह्लाउप’, म्हणजे हिमनदीची धांव, म्हणतात. जगांतल्या भूशास्त्रज्ञांनीं तो शब्द तसाच उचलला आहे. या पुरांनीं शतकानुशतकें आणून टाकलेल्या काळ्या वाळूचें आणि गोट्यांचें मैदान म्हणजे स्केइदाराउरसांदुर. त्यावरून स्केइदाराउ नदी वाहत होती. वाहत होती म्हणण्यापेक्षां भटकत होती म्हणणें अधिक बरें; आज जेथें तिची मुख्य धार, तेथें उद्यां कोरडी वाळू, असा तिचा स्वभाव. अशा नदीवर पूल कोठें बांधावयाचा?

या वाळवंटाच्या पूर्वेस ओराइवी नांवाचा चिंचोळा मुलूख आहे. पूर्वीं तेथें भरभराटलेली वस्ती होती. १३६२ मध्यें डोक्यावरच्या पर्वतानें अग्नि ओकला आणि ती वस्ती गाडली गेली. त्यानंतर त्या भागाला जें नांव पडलें त्याचा अर्थच ‘ओसाड रान’ असा आहे. तरीही कांहीं घराणीं पुन्हां तेथें जाऊन राहिलीं. पश्चिमेस स्केइदाराउ, पूर्वेस योकुलसाउ ही दुसरी क्रूर नदी, मागें बर्फ, पुढें बंदर नसलेला समुद्र. वैद्य पाहिजे, मीठ पाहिजे, पेरणीस बीं पाहिजे, कोणत्याही गोष्टीला नदी ओलांडावी लागे. प्रत्येक पिढींत नदीची भाषा जाणणारे एकदोन पुरुष असत. पाण्यावरच्या सुरकुतीवरून तळाशीं वाळू आहे कीं खड्डा आहे तें ते ओळखत आणि पाण्यांत मुरलेल्या घोड्यावर बसून पुढें होत. मागून येणाऱ्यास त्यांची सक्त सूचना असे कीं पाण्याकडे पाहूं नये, पलीकडच्या तीरावर दृष्टि ठेवावी. खालीं पाहणारास घेरी येई आणि तो घोड्यावरून जाई. नदी अगदींच ऐकेनाशी झाली तर ती जेथें बर्फाखालून बाहेर पडते त्याच्याही वर चढून, हिमनदीच्या भेगाळलेल्या पाठीवरून घोडे चालवीत नेत. अशा वाटेनें आजारी माणसें गेलीं आहेत, टपाल गेलें आहे, नव्या नवऱ्या सासरीं गेल्या आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यास देशाच्या इतर भागांत मोटारी धांवूं लागल्या, तेव्हां तर ओराइवीचें एकाकीपण अधिकच डोळ्यांत भरूं लागलें. १९६७ मध्यें पूर्वेकडील योकुलसाउवर पूल झाला आणि एक दार उघडलें. त्याच वर्षीं स्काफ्ताफेल येथें राष्ट्रीय उद्यान स्थापन झालें. पण राजधानींतल्या माणसाला तें पाहावयाचें तर उत्तरेवरून जवळजवळ सर्व बेटाला वळसा घालून जावें लागे. होफ्न या पूर्वेकडील बंदराच्या गांवाहून रेक्याव्हीक आज सुमारें ४६० किलोमीटर आहे. तेव्हां रस्त्यानें तें अंतर याच्या दुपटीच्या घरांत जाई. सरकारनें पूल बांधण्याचें मनावर घेतलें, पण तिजोरी लहान. मग १९७१ मध्यें कायदा करून कर्जरोखे काढले गेले आणि त्यांना सोडतीच्या बक्षिसांची जोड दिली गेली. म्हणजे रोखा घेणारास आपले पैसे परत मिळण्याची हमी आणि शिवाय नशिबाची आशा. नैतिक दृष्टीनें सोडतीविषयीं कोणाचें कांहींही मत असो, रोखे खपले. ज्या रस्त्यावरून आज जगांतलीं कुटुंबें जातात त्याचा शेवटचा दुवा एका लहानशा राष्ट्रानें घरोघरच्या बचतींतून, थोड्या जुगाराच्या गोडीनें, उभा केला आहे.

इंजिनियरांनीं नदीशीं हट्ट केला नाहीं. मैदानावर गोट्यामातीचे लांबच लांब बांध घालून भटक्या प्रवाहांना ठराविक तोंडांकडे वळविलें आणि त्या तोंडांवर बुटके, लांब, एकपदरी पूल टाकले. स्केइदाराउवरचा पूल नऊशें मीटरांच्या आसपास लांब होता, देशांतला सर्वांत लांब. शेजारच्या गिग्याक्विस्लवरचा ३७६ मीटर. नेहमींच्या पुरास ते पुरून उरतील, पण अघोर पूर आला तर कांहीं भाग जाईल, हें बांधणारांना ठाऊक होतें. अघोर पुराला पुरेल असा पूल बांधावयाचा तर तो कधींच झाला नसता. या निर्णयांत एक प्रकारचा शहाणपणा होता. तो बावीस वर्षांनीं कसोटीस लागला.

३० सप्टेंबर १९९६ रोजीं व्हातनायोकुलच्या बर्फाखालीं उद्रेक झाला. वितळलेलें पाणी ग्रिमस्वोत्नच्या सरोवरांत जमूं लागलें. पूर येणार हें निश्चित होतें. केव्हां, एवढाच प्रश्न होता. पांच आठवडे सारा देश वाट पाहत बसला. तेवढ्या अवधींत बांध उंच करण्यांत आले. ५ नोव्हेंबरच्या सकाळीं पाणी सुटलें. ऐन जोरांत त्याचा ओघ दर सेकंदास सुमारें ५०,००० घनमीटर होता, म्हणजे कांहीं तासांपुरती ती जगांतल्या अति मोठ्या नद्यांपैकीं एक झाली. घराएवढाले बर्फाचे खडक पाण्यांतून वाहत आले. गिग्याक्विस्लचा पूल समूळ गेला. स्केइदाराउच्या पुलाचे १७६ मीटर गेले. कित्येक किलोमीटर रस्ता पुसला गेला. माणूस मात्र एकही दगावला नाहीं. सुमारें तीन आठवड्यांनीं तात्पुरती वाहतूक सुरू झाली. वाकून पीळ पडलेल्या दोन लोखंडी तुळया स्काफ्ताफेलजवळ रस्त्याच्या कडेस स्मारक म्हणून ठेवलेल्या आहेत. मुलें त्यांवर चढूं पाहतात. नदीनें लोखंडाला सुतळीसारखा पीळ कसा घातला हें त्यांना तेथें एका दृष्टिक्षेपांत समजतें.

त्यानंतर रस्त्यास स्वस्थता लाभली असें नाहीं. १४ एप्रिल २०१० रोजीं एईयाफियात्लायोकुलचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेनें युरोपभरचीं विमानें जमिनीवर बसविलीं, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच दिवशीं खालीं मार्कारफ्ल्योत नदीच्या पुलाजवळ जें घडलें तें फारसें कोणास ठाऊक नाहीं. पूर पुलावर येणार हें दिसतांच रस्त्याच्या लोकांनीं यंत्रें लावून आपलाच रस्ता आपल्या हातानें फोडला. पाण्याला वाट मिळाली, पूल वांचला, आणि नंतर रस्त्याचीं भगदाडें भरून काढलीं. रस्ता मातीचा असतो, पूल पोलादाचा. कोणता जाऊं द्यावा हें त्यांनीं आधींच ठरवून ठेविलें होतें. पुढच्या वर्षीं ९ जुलै रोजीं मूलाक्विस्ल नदीनें आपला पूल नेला. ऐन प्रवासाचा हंगाम, हजारों पाहुणे दोन्ही तीरांवर. पूल नसतांनाही मोठमोठ्या ट्रकांवर चढवून लहान मोटारी नदीपार केल्या गेल्या, आणि एका आठवड्यांत तात्पुरता पूल तयार झाला. घोडा गेला, ट्रक आला. पण पुढें कोणीतरी नदी जाणणारा आणि मागें जीव मुठींत धरून बसलेलें कुटुंब, हा देखावा तोच.

हा सर्व इतिहास पेन्सिलीनें टप्पे पाडणाऱ्या माणसाच्या उपयोगाचा आहे. तो ठाऊक असला म्हणजे रोजचे तीनशें किलोमीटर धरण्याचा मोह होत नाहीं. कागदावर दक्षिण किनारा एका दिवसाचा दिसतो. पण व्हीक गांव सोडल्यावर कांहीं वेळानें जो शेवाळानें मढलेला खडबडीत प्रदेश लागतो, त्याला चार मिनिटांत मागें टाकणें योग्य नव्हे. तो १७८३ मध्यें लाकीच्या भेगेंतून वाहून आलेला अग्निरस आहे. त्या वर्षीं ८ जूनला फुटलेली ती भेग आठ महिने वाहत राहिली. विषारी धुक्यानें गवत जळालें, मेंढरांपैकीं सुमारें पांचांतलीं चार मेलीं, आणि मागाहून आलेल्या दुष्काळांत देशांतील पंचमांश माणसें गेलीं. किर्क्यूबायारक्लाउस्तुर येथें २० जुलै रोजीं पाद्री योन स्टेइनग्रिम्सन यानें आपल्या माणसांना चर्चमध्यें जमवून उपासना चालविली. बाहेर येऊन पाहतात तों अग्निरस चर्चच्या अलीकडेच थिजला होता. अडीचशें वर्षें होत आलीं, तरी तेथें अजून शेवाळच आहे. त्यावरून एकदां मोटार गेली कीं चाकोरी पिढ्यान्‌पिढ्या राहते. म्हणून रस्ता सोडून गाडी घालणें हा त्या देशांत गुन्हा आहे, आणि तो योग्यच आहे.

महाराष्ट्रांतल्या प्रवाशाला स्काफ्ताफेलजवळचा स्वार्तिफॉस धबधबा पाहून ओळखीचें कांहीं भेटल्यासारखें वाटेल. धबधब्यामागें काळ्या दगडाचे षट्‌कोनी स्तंभ ऑर्गनच्या नळ्यांसारखे लोंबतात. मुंबईस अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच स्तंभांची आहे. दोन्ही थिजलेला अग्निरसच, फरक वयाचा. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटि वर्षांचा, तर आइसलंडचा अगदीं जुना खडक दीड कोटीच्या आसपासचा. तेथें डोंगर अजून तयार होत आहेत, येथें ते झिजत आहेत.

राहिलेल्या मार्गाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. पूर्वेकडच्या खाड्यांतला शेवटचा खडीचा तुकडा २०१९ मध्यें डांबरी झाला, तेव्हां कोठें सबंध वर्तुळ गुळगुळीत झालें. उत्तरेस मिवात्न सरोवराजवळ वाफेचे डोंगर आहेत. तेथें एक दिवस अधिक ठेवावा. राजधानीजवळ ह्वालफ्योर्दुर या खोल खाडीला, जिच्यांत दुसऱ्या महायुद्धांत रशियाकडे जाणाऱ्या जहाजांचे तांडे जमत, पूर्वीं तासभर वळसा घालावा लागे. १९९८ पासून समुद्रतळाखालून गेलेल्या ५,७७० मीटर लांबीच्या बोगद्यानें तो वांचला. डांबरी रस्त्यावर वेगाची मर्यादा तासास ९० किलोमीटर आहे, खडीवर ८०. मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या असतात. एक मेंढी रस्त्याच्या या कडेस आणि तिचें कोंकरूं त्या कडेस दिसलें कीं गाडी थांबवावी, कारण कोंकरूं आईकडेच धांवणार. वाऱ्यानें गाडीचें दार उलटें फिरतें, आणि वाळूच्या मैदानांवर वादळ असेल तर गाडीचा रंग खरवडून निघतो. म्हणून निघण्यापूर्वीं हवामानाची बातमी घ्यावी. बेटाच्या मध्यभागाचे डोंगरी रस्ते उन्हाळा बराच वर आल्यावर उघडतात आणि चारी चाकांना जोर असलेल्या गाडीसच तेथें परवानगी असते. लहान मुलें बरोबर असतां पहिल्याच खेपेस त्यांच्या वाटेस न जाणें बरें.

एका गोष्टीविषयीं मात्र थोडक्यांत आटपणें उचित नाहीं. दक्षिणेकडचे एकपदरी पूल थोड्या मोटारींच्या काळांत बांधले गेले. २०१८ मध्यें साडेतीन लाख वस्तीच्या त्या देशांत तेवीस लाखांवर परदेशी पाहुणे आले, आणि त्यांपैकीं पुष्कळांनीं स्वतः चालविण्यासाठीं मोटार भाड्यानें घेतली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरांत स्केइदाराउरसांदुरच्या पश्चिम कडेवरील नूप्स्वोत्न येथल्या एकपदरी पुलावरून ब्रिटनहून आलेल्या एका कुटुंबाची गाडी कठडा तोडून खालीं गेली. तिघांचा अंत झाला, त्यांत वर्षाच्या आंतलें एक बाळ होतें. त्या दिवशीं पूर नव्हता, कोणी वाट चुकलेलें नव्हतें. तेथें आतां दुपदरी पूल झाला आहे. पण मार्गावर असे कांहीं अरुंद पूल अद्याप उरले आहेत. त्यांच्या अलीकडे पाटी असते. जी गाडी आधीं पोंचेल ती आधीं जावी असा तेथला रिवाज आहे, परंतु समोरचाही आपणच आधीं पोंचलों असें समजूं शकतो. पाटी दिसतांच वेग उतरवावा आणि शंका असेल तर थांबावें. त्या मिनिटाभराच्या थांबण्यानें कोणाचा टप्पा चुकलेला नाहीं.

स्केइदाराउच्या त्या लांब पुलाचें पुढें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. १९९६ च्या पुरानंतर तो दुरुस्त करण्यांत आला आणि आणखी कित्येक वर्षें वाहतूक त्यानें सोसली. दरम्यान वर हिमनदी आटून मागें हटत होती. तिच्या तोंडाशीं सखल खळगा पडला, आणि २००९ च्या उन्हाळ्यांत स्केइदाराउनें आपली जुनी वाट सोडून त्या खळग्यांतून पश्चिमेकडे, गिग्याक्विस्लच्या पात्रांत, उडी घेतली. अकराशें वर्षें जिनें देशाचें वर्तुळ पुरें होऊं दिलें नाहीं, ती पुलाखालून न सांगतां निघून गेली. मागें उरला मोर्साउ हा लहान प्रवाह. त्याच्यासाठीं २०१७ मध्यें ६८ मीटरांचा नवा, दुपदरी पूल बांधला आणि रस्ता त्यावरून वळविला. आज तेथून जाणारें कुटुंब तो नवा पूल कांहीं सेकंदांत ओलांडतें. बाजूस जुना पूल दिसतो, पाऊण किलोमीटरांहून अधिक लांब, आणि त्याच्याखालीं बहुतेक ठिकाणीं काळी वाळू आणि तिच्यावर नुकतीं रुजूं लागलेलीं बर्च वृक्षांचीं रोपें आहेत.